मदत हवी आहे: वेगवेगळ्या समाजांच्या तालमींचं एकच पूरपथक, प्रमुख कसा ठरवायचा?

मंडळी, नदीकाठच्या वेगवेगळ्या समाजांच्या चार तालमी मिळून 20 जणांचं पूरपथक उभं करतोय. प्रत्येकीचे 5, जोड्या मुद्दाम मिसळलेल्या. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला गेली की काम सुरू. 43 ची धोका पातळी यायच्या आत म्हातारी माणसं आणि जनावरं हललेली हवीत.

पाण्यात सगळे एक असतात, फाटतं ते मदतीच्या वाटपात. एकाच गल्लीतल्या माणसानं यादी केली की पलीकडची घरं सुटतात. कुणीतरी आपल्या मंडळाचा फलक लावतो आणि बाकीचे गुपचूप बाजूला होतात. म्हणून यादीवर दोन समाजांच्या दोन सह्या, फलक कुणाचाच नाही, आणि अफवा आली तर ठरलेल्या दोघांनी जागेवर जाऊन बघितल्याशिवाय पुढं पाठवायची नाही.

अडलंय ते प्रमुखावर. दर आठवड्याला बदलला तर ऐन पुरात कुणाचं ऐकायचं कळत नाही; एकच ठेवला तर ‘त्यांचं पथक’ होतं. पावसाळाभर एक प्रमुख, दुसऱ्या समाजाचा उपप्रमुख, पैसे तिसऱ्याकडे, अशी रचना कुणी चालवली आहे का? हिशेब किती दिवसांनी आणि कुठं लावता? लेखी नियम असतील तर कृपया इथं टाका.