चाई शेजारी बसून लागत नाही

ताई, तुम्ही लिहिलंत की लेकीच्या डोक्यावर चाई पडल्यापासून, म्हणजे केस गळून गोल चट्टे पडल्यापासून, शेजारचे आपली लेकरं तिच्याजवळ बसू देत नाहीत. वाचून जीव कळवळला. मी यवतमाळकडच्या खेड्यातली. बारावीत असताना माझे डोक्यावरचे, मग भुवयांचेही केस गेले.

आमच्याकडे म्हणायचे, केसांना कीड लागली. कीड वगैरे काही नसते. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच चुकून केसांच्या मुळांवर उलटते. मुळं मरत नाहीत, म्हणून बऱ्याच जणांचे केस परत येतात. काहींचे पुन्हा जातात, माझे दोनदा गेले. गजकर्णानेही असे चट्टे पडतात आणि ते मात्र लागतं, म्हणून एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच. २०२५ च्या सुरुवातीला बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत एकाएकी टक्कल पडलं, ते प्रकरण वेगळं. पण तेव्हापासून लोक जास्तच घाबरतात.

मी कित्येक महिने दुपट्टा सोडला नव्हता. एकदा कापूस वेचताना तो सुटला. मी घाईनं बांधायला गेले, तर बाजूच्या ओळीतली म्हातारी आजी म्हणाली, "ऊन लागीन म्हून बांध वं माय, लोकायसाठी नको बांधू." त्या दिवशी मी बांधावर सगळ्या बायांसोबत उघड्या डोक्यानं जेवले.

लेकीच्या वर्गशिक्षिकेला आधी भेटा. हे लागत नाही, एवढं त्यांनी वर्गात सांगितलं तरी तिला बेंचवर सोबत मिळेल. आणि तिला माझ्याशी बोलायचं असेल तर कधीही बोलू द्या.