रोहित्राची वीजहानी एका महिन्यात १९ टक्के, पुढच्यात उणे ४

प्रश्न
२०० केव्हीएचं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), लघुदाब म्हणजे ग्राहकांकडच्या बाजूला ३००/५ सीटीवर (३०० अँपिअरचे ५ करून मीटरला देणारा करंट ट्रान्सफॉर्मर) मीटर, खाली ११८ ग्राहक. रोहित्राचं रीडिंग १ तारखेला, ग्राहकांचं ३ ते १२ दरम्यान. हानी, म्हणजे रोहित्राच्या युनिटांतून ग्राहकांची युनिटं वजा जाता उरलेला भाग, एकदा १९ टक्के, लगेच पुढच्या महिन्यात उणे ४. काही ग्राहक चुकून दुसऱ्या रोहित्रावर नोंदलेत का? आधी काय तपासावं?

उत्तर १
टक्केवारी अशी हेलकावे खात असेल तर आधी तारखा. नोंद किंवा वायरिंग चुकलं की हिशेब दर महिन्याला एकाच बाजूला झुकतो. मीटरांत लोड सर्व्हे (ठरावीक वेळेगणिक साठवलेली नोंद) असेल तर सगळ्यांचं १ तारखेच्या मध्यरात्रीचं रीडिंग काढा. नसेल तर चार महिन्यांची युनिटं बेरजेत घेऊन एकच टक्केवारी काढा, तारखांचा घोळ बराच विरतो. कुलूपबंद घरांची सरासरी बिलं वेगळी ठेवा, ते मोजमाप नव्हे. बेरीज करूनही उणे आलं तरच ग्राहकांची नोंद खांबागणिक तपासायला निघा.

उत्तर २
आणि सीटीकडेही बघा. टाँग टेस्टरवर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचं उपकरण) फेजला १८० अँपिअर दिसले तर मीटरकडे ३ यायला हवेत, गुणक ६०. एका सीटीचे एस१-एस२ (मीटरकडे जाणारी दोन टोकं) उलटे असले तर समतोल लोडवर मीटर एक तृतीयांशच मोजतं. एका फेजचं व्होल्टेज मीटरपर्यंत पोचत नसेल तर दोन तृतीयांश, आणि हे फार फसवं: खरी हानी ३० टक्के असली तरी कागदावर उणे ५ दिसते. लोड चालू असताना सीटीची दुय्यम बाजू कधीही उघडी करू नका, आधी टेस्ट ब्लॉकवर (मीटरजवळची चाचणीची जोडपट्टी) शॉर्ट करा.

प्रश्नकर्ता
अर्ध्या तासाचा लोड सर्व्हे आहे. सीटी, व्होल्टेज बरोबर. चार महिन्यांचे ११ टक्के. यात तांत्रिक, म्हणजे तारांतच जाणारी हानी किती, हे कसं ओळखायचं?

उत्तर ३
आधी सगळ्या मीटरांची घड्याळं जुळवा, नाहीतर पुढचं सगळं फुकट. मग दर अर्ध्या तासाचा फरक किलोवॅटमध्ये मांडा. तारांतली हानी करंटच्या वर्गाने वाढते: लोड दुप्पट तर हानी चौपट. म्हणजे पहाटे लोड निम्म्यावर आला की फरक पावपटीला यायला हवा. तसाच सपाट राहिला तर मीटरबाहेरचा वापर आहे. तिन्हीसांजेला एकदम चढून उजाडताच पडत असेल तर तारांवर टाकलेले चोरीचे आकडे शोधण्याआधी विनामीटर पथदिवे मोजा. रोहित्राच्या गाभ्याची हानी यात धरू नका, मीटर लघुदाब बाजूला आहे, ती त्याच्या आधीच होते. छतावर सौर पॅनल असतील तर त्यांनी जाळ्यात सोडलेली युनिटं रोहित्राच्या आकड्यात मिळवा.