'अक्कलखाती' नेमका कोणता पैसा जातो?

विचारणा: 'त्या ऑनलाइन कोर्सचे चार हजार अक्कलखाती गेले' असं मैत्रीण म्हणाली. नुसतं 'वाया गेले' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? आणि 'खाती' असं अनेकवचन का?

प्रतिसाद: अनेकवचन नाही हो, सप्तमी आहे. घर-घरी, दार-दारी, तसं खाते-खाती. जुन्या छपाईत 'खातीं' असा अनुस्वार दिसेल. १९६२च्या लेखननियमांनी तो गेला. पण तो अनेकवचनावरही असायचा, तेव्हा त्याच्या जाण्याने गोंधळ वाढला असंही नाही.

फरक मात्र चांगलाच आहे. शब्द दुकानाच्या वहीतला. तिथे प्रत्येक रुपयाला खातं लागतं: माल, भाडं, हमाली, धर्मादाय. जी रक्कम कुठेच बसत नाही ती अकलेची किंमत म्हणून लिहून मोकळं व्हायचं, अशी ही थट्टा. म्हणून चूक स्वतःची हवी, वसुलीची आशा सुटलेली हवी आणि थोडं शहाणपण पदरात पडलेलं हवं. पाकीट मारलं गेलं तर पैसे अक्कलखाती जात नाहीत. मेकॅनिकला न दाखवता जुनी स्कूटर घेतली आणि महिन्यात इंजिन बसलं, ते अक्कलखाती. शेजाऱ्याच्या नळाने आपल्या छताचा रंग गेला नि खर्च आपल्या गळ्यात पडला, तर तो भुर्दंड. भुर्दंड बसतो, त्यातून शिकण्यासारखं काही नसतं.

उपप्रतिसाद: लोक 'अक्कलखाती जमा' म्हणतात. खर्च तर नावे पडतो ना?

प्रतिसाद: कारकुनी दृष्टीने बरोबर आहे तुमचं. पण जमा अक्कल झाली, असा बोलणाऱ्याचा रोख असतो. मला तरी ते खटकत नाही, उलट गंमत त्यातच आहे.

उपप्रतिसाद: वेळेला चालेल का? 'तीन तास अक्कलखाती'?

प्रतिसाद: ओढूनताणून वाटतं. वेळेला आपल्याकडे 'खोटी' आहे की! 'साहेब जागेवर नव्हते, उगाच खोटी झाली.' खोटं बोलण्याशी इथे संबंध नाही. गुजरातीतही 'खोटी थवुं' म्हणजे खोळंबून राहणं. शहरात हा शब्द आता कमीच कानावर पडतो. रोजंदारीवरचा माणूस 'दिवसाची खोटी झाली' म्हणतो तेव्हा त्यात मजुरी बुडाल्याचंही आलंच.