जॅझवाले एवढ्या पार्ट्या बदलतात, भांडणं होत नाहीत का?

कळण्याची_भाकर
नमस्कार मंडळी. मी चाळीसगावकडचा, मामाच्या बँड पार्टीत सॅक्सोफोन वाजवतो, आधी क्लॅरोनेट होतं. सध्या तिथी नाहीत म्हणून रिकामा आहे, त्यात यूट्यूबवर ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचं ‘काइंड ऑफ ब्लू’ हे जॅझचं रेकॉर्ड लागलं आणि कामातून गेलो. आता घोळ असा होतो की ज्याला शोधायला जावं तो भलत्याच्याच रेकॉर्डवर सापडतो. सॅक्सवाला कोल्ट्रेन शोधला तर माइल्सकडे, मंग पियानोवाल्या थेलोनियस मंककडे, परत माइल्सकडे, मंग स्वतःची पार्टी. पियानोवाला बिल इव्हान्स पण तसाच. आमच्याकडे असं केलं तर डोकी फुटतील. गेल्या वर्षी आमचा ट्रम्पेटवाला उचल घेऊन ऐन दाट तिथीला शेजारच्या पार्टीत गेला, मामा अजून त्या गल्लीतून गाडी नेत नाही. तर विचारायचं असं की जॅझमधे पार्टी म्हणजे नेमकं काय असतं? ज्याचं नाव रेकॉर्डवर तो मालक का? आणि सोडून गेलेल्याला परत कसं काय घेतात?

भुसावळ_रिटायर्ड
भाऊ, प्रश्न भारी आहे, आणि बँडवाल्यालाच पडू शकतो. थोडं लांबेल, चहा घेऊन बस.

माइल्सने १९५५ ला पाच जणांची पार्टी जमवली, त्यात कोल्ट्रेन सॅक्सवर, रेड गार्लंड पियानोवर, पॉल चेंबर्स बासवर, फिली जो जोन्स ड्रमवर. तेव्हा माइल्स प्रेस्टिज कंपनीच्या करारात अडकलेला आणि तिकडून कोलंबिया ही मोठी कंपनी बोलवू राहिली. जायचं तर आधीचे अल्बम देणं भाग. मंग त्याने काय केलं, १९५६ मधे मे महिन्यात एक दिवस आणि ऑक्टोबरात एक दिवस अशा दोन बैठकीत चार अल्बमचा माल वाजवून टाकला. रोज क्लबात वाजवतो तेच, बहुतेक एका दमात. प्रेस्टिजने तो पुढे पाच वर्षं पुरवून पुरवून विकला. म्हणजे उचल फेडायची पद्धत तिकडेही होती, फक्त फेडणारा माइल्स होता म्हणून ते चारही अल्बम आज लोक डोक्यावर घेतात.

कोल्ट्रेनचं असं की १९५७ ला माइल्सने त्याला काढलं. हेरॉइनच्या नशेत स्टेजवर डुलायचा. तो घरी फिलाडेल्फियाला गेला, नशा सोडली आणि त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबात मंकसोबत वाजवायला लागला. मंकची गाणी म्हणजे आडवळणाची वाट, सूर कुठे पडेल सांगता येत नाही, त्यातून कोल्ट्रेन जो तयार झाला तो १९५८ च्या सुरुवातीला माइल्सकडे परत आला तेव्हा माणूसच वेगळा होता. माइल्सने राग धरला असता तर तू ऐकलंस ते झालंच नसतं. १९६० ला तो कायमचा निघाला, मॅकॉय टायनर, एल्विन जोन्स आणि पुढे जिमी गॅरिसन घेऊन आपली पार्टी बांधली, आणि १९६७ ला गेलाच, वय फक्त ४०.

आता ‘काइंड ऑफ ब्लू’ ची गंमत. १९५९ चं रेकॉर्डिंग आहे, मार्च आणि एप्रिलमधलं. त्याआधीच बिल इव्हान्स पार्टी सोडून गेला होता. नेहमीचा पियानोवाला होता विंटन केली. तो स्टुडिओत येतो तर पियानोवर इव्हान्स बसलेला! माइल्सला तो रंग हवा होता म्हणून जुना माणूस खास बोलवला. केलीच्या वाट्याला एकच गाणं, ‘फ्रेडी फ्रीलोडर’. पण ते ब्लूज (काळ्या अमेरिकनांच्या गाण्यांचा जुना ढंग) आहे आणि ब्लूज केलीने वाजवावं. तू ते एकदा नुसतं पियानोसाठी ऐक, मंग लगेच पुढचं लाव. दोन माणसं, दोन हात, समजेल तुला पार्टी म्हणजे काय ते.

अहिराणी_भो
काय भो, त्या केलीले किती वाईट वाटनं व्हई! हळदले बलावनं आनि वरातमा खुळखुळा हातमा देवाना. आमना गावमा यान्हावरथून दोन पार्ट्या फुटन्यात.

धुळ्याची_सून
काका, माहिती मस्त पण तुम्ही जरा जास्तच गोड करून सांगताय. साईडमनला, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डवर वाजवणाऱ्याला, त्या दिवसाच्या सेशनचे ठरलेले पैसे मिळायचे आणि विषय संपला. रेकॉर्ड पुढे पन्नास वर्षं विकली गेली तरी नाव आणि हक्क पार्टीच्या पुढाऱ्याचा. ह्याच अल्बममधलं ‘ब्लू इन ग्रीन’ माइल्सच्या नावावर आलं आणि इव्हान्सचं म्हणणं शेवटपर्यंत होतं की ते मी केलंय. म्हणून पार्टी बदलायचे ते लोक. हौस नव्हती, पोट होतं. आज ह्याच्या रेकॉर्डवर, उद्या त्याच्या, आणि कधीतरी स्वतःच्या नावाची निघेल ह्या आशेवर. माझे सासरे तमाशात ढोलकीला होते, त्यांच्याकडून ऐकलेलं आणि हे, फार फरक नाही मला वाटत.

एक मात्र कबूल करते, काही पुढारी माणसं घडवून सोडायचे. आर्ट ब्लेकी, ड्रमवाला. त्याची जॅझ मेसेंजर्स पार्टी तो १९९० ला वारला तोपर्यंत चालली आणि ती सरळ तालीमच होती. ली मॉर्गन, फ्रेडी हबर्ड, वेन शॉर्टर, नंतर विंटन मार्सालिस, सगळे पोरवयात त्याच्याकडे. पोरगं तयार झालं की बाहेर, नवीन पोरगं आत. आणि नुसतं वाजवायचं नाही, गाणी पण बांधून आणायची. शॉर्टर १९५९ पासून तिथे, पार्टीची अर्धी गाणी त्याची, १९६४ ला माइल्सने नेला आणि तिथेही तेच. १९७० नंतर कीबोर्डवाल्या झाविनुलसोबत वेदर रिपोर्ट ही पार्टी. त्याचं बरंचसं करिअर ह्या तीन दारांत आहे बघा.

केळीचा_घड
मी रावेरचा, सध्या ठाण्यात. एवढं लांब कशाला जायचं, मुंबईत तेच चालू होतं की. चिक चॉकलेट नावाचा गोव्याचा ट्रम्पेटवाला, रात्री हॉटेलात स्वतःची पार्टी आणि दिवसा स्टुडिओत सी. रामचंद्रांकडे असिस्टंट. सी. रामचंद्र म्हणजे आपले पुणतांब्याचे चितळकर. १९५१ चा ‘अलबेला’ बघा, चिकची पार्टी पडद्यावरच दिसते. गोव्याच्या पोरांना चर्चच्या शाळेत नोटेशन शिकवलेलं असायचं, आणि आपले बरेच संगीतकार चाल पेटीवर गाऊन दाखवणारे, मंग ती लिहून पन्नास वादकांत वाटणार कोण? सेबास्टियन डिसोझा शंकर जयकिशनकडे हेच करायचा. अँथनी गोन्साल्विस प्यारेलालचा व्हायोलिनचा गुरु, त्याच्या नावाचं गाणं आपण अजून लग्नात वाजवतो आणि कोणाला माहीत नाही तो खराच माणूस होता.

अवांतर: ‘शोला जो भडके’ बँडवर वाजवताना मधले ट्रम्पेटचे तुकडे सगळे खाऊन टाकतात. नका करू असं.

कळण्याची_भाकर
बाप रे, अँथनी गोन्साल्विस खरा माणूस?? आम्ही दर सीझनला वाजवतो ते. आणि तुकडे आम्ही खात नाही, आमचा ट्रम्पेटवाला गेला ना 😅

धुळ्याच्या ताई, पैशाचं पटलं. आमच्याकडे पण मेन वाजवणाऱ्याला जास्त आणि ढोलवाल्याला कमी, त्यावरूनच फाटतं. पण मंग कोणी असा नव्हताच का जो एकाच पार्टीत जन्मभर राहिला? मामाला सांगायला हवंय काहीतरी.

भुसावळ_रिटायर्ड
ताईंचं बरोबर आहे, मी पैशाचं गाळलं. आमची पिढी रेकॉर्डच्या मागचं वाचून शिकली, त्यावर पगार छापलेला नसतो.

मामासाठी ड्यूक एलिंग्टन, पियानोवाला आणि बँडचा मालक. पंधरा सोळा जणांचा ऑर्केस्ट्रा त्याने जवळपास पन्नास वर्षं चालवला, मोठ्या बँडचे दिवस संपले तरी मोडला नाही, स्वतःच्या गाण्यांची रॉयल्टी यायची ती वादकांच्या पगारात घालायचा. १९६३ ला हाच ऑर्केस्ट्रा घेऊन भारतात पण येऊन गेला. त्याच्याकडे हॅरी कार्नी, बॅरिटोन सॅक्सवाला (तो जाडा बुडाचा सॅक्स, तुमच्याकडे नसेल), १९२७ ला पोरगा असताना आला तो गेलाच नाही. गावोगाव जाताना ड्यूक बसमधे बसायचा नाही, कार्नीच्या गाडीत बसायचा. १९७४ च्या मे मधे ड्यूक गेला, ऑक्टोबरात कार्नी.

ड्यूक गाणं वाद्यासाठी लिहायचा नाही, माणसासाठी लिहायचा. ट्रम्पेटवाल्या कूटी विल्यम्ससाठी १९४० ला खास ‘कॉन्चेर्टो फॉर कूटी’ लिहिलं, आणि त्याच वर्षी कूटी बेनी गुडमन नावाच्या दुसऱ्या बँडवाल्याकडे निघून गेला. एवढी मोठी बातमी झाली की तिसऱ्याच एका बँडवाल्याने त्यावर गाणंच काढलं. १९५१ ला तर मुख्य सॅक्सवाला जॉनी हॉजेस गेला, सोबत आणखी दोन जुने घेऊन. ड्यूक रडत बसला नाही, त्याने हॅरी जेम्सच्या पार्टीतून एकदम तिघे उचलून आणले! पेपरवाल्यांनी त्याला दरोडा म्हटलं, ‘द ग्रेट जेम्स रॉबरी’. आणि हॉजेस १९५५ ला परत आला तर ड्यूकने त्याची खुर्ची त्याला दिली, मरेपर्यंत तिथेच वाजवला. कूटी पण आला, १९६२ ला.

अहिराणी_भो
म्हंजे दरोडा टाकना तरी तो ‘ड्यूक’, आनि आमना मास्तरनी एक ढोलवाला पळावना ते पोलीस टेसन. 😂

धुळ्याची_सून
जॉनी हॉजेस ऐक रे नक्की, तू सॅक्सवाला आहेस म्हणून सांगते. सूर असा खालून ओढत वर नेतो, अगदी आपल्या मींडेसारखा. वेग नाही काही, दोन सुरांत काम. हळदीच्या वेळचं संथ गाणं असेल तर त्याच्यासारखं वाजवून बघ, बायका नाचायच्या थांबतील म्हणा.

कळण्याची_भाकर
काल रात्री शेवभाजी खाता खाता मामाला ड्यूकचं सगळं सांगितलं. दरोड्याला खूष झाला, म्हणे हा माणूस बँडवालाच. मंग हॉजेस चार वर्षांनी परत आला सांगितलं तर गप्प. मंग मी हळूच कूटीचं काढलं, की ट्रम्पेटवाला गेला होता आणि मालकाने परत घेतला.

मामा म्हणे किती दिवसांनी?
मी म्हटलं बावीस वर्षांनी.
भाकरी मोडता मोडता म्हणे, “बावीस वर्षं लय झाली. तुळशीच्या लग्नानंतर पहिली तीथ कधी आहे ते बघ. आणि उचल तेवढी आधी आणून दे म्हणा त्याला.”