शनिवारच्या इंटर-झोनल फुटबॉल मॅचला डिफेन्स कसा लावायचा?

आमच्या कॉलेजची टीम यंदा लई भारी खेळलीय, झोनलला एकच मॅच ड्रॉ, बाकी सगळ्या जिंकल्या, पण फायनलला लेफ्ट बॅकचा घोटा मुरगळला आणि आता शनिवारी सांगलीच्या टीमशी गाठ हाय. त्यांचा विंगर, म्हणजे कडेनं पळणारा फॉरवर्ड, लई फास्ट. सर म्हणतात पाच डिफेंडर लावू, मला पटत न्हाई. काय करावं?

पेठेतला बॅक
भावा, पाच लावलंस की मिडफिल्ड रिकामं पडतंय आणि बॉल परत परत तुमच्याच अंगावर येतोय. चारच ठेव, फक्त त्या साइडच्या हाफला, म्हणजे मिडफिल्डरला, मागं यायला सांग. विंगरला आत वळू देऊ नको, लाइनकडं ढकल. आणि एक, थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो, आमची पोरं तिथंच ऑफसाइड मागत हात वर करून उभी राहिली आणि गोल खाल्ला, अजून डोळ्यासमोर हाय.

शाहू स्टेडियमचा जुना प्रेक्षक
घोटा सुजलेला असेल तर त्या पोराला अजिबात उतरवू नका, पट्टी बांधून खेळवलं की वर्षभराचं दुखणं होतंय. ज्युनिअरला चान्स द्या की! आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ ला अंडर-१७ वर्ल्डकप खेळला तेव्हा पोरगंच होता.

प्रश्न विचारणारा
व्हय, पटलं. सरांशी उद्या सकाळी प्रॅक्टिसलाच बोलतो. ज्युनिअर डावखुरा हाय, त्यालाच घेऊ म्हणतो.