लव्हक्राफ्टचं मुंडकं कोणाच्या दिवाणखान्यात ठेवायचं?

रेवती_ओहायो

परवा इथे 'पुण्याच्या जोशींचा ताठ कणा' असा लेख आला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. वर्ल्ड फँटसी या कल्पनारम्य साहित्याच्या पुरस्काराची ट्रॉफी म्हणजे प्रॉव्हिडन्सचा अमेरिकी भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट याचा अर्धपुतळा असायचा. लव्हक्राफ्टच्या वंशद्वेषामुळे २०१५ साली तो बंद करायचं ठरलं. तेव्हा लव्हक्राफ्टचे सगळ्यात मोठे अभ्यासक, पुण्यात जन्मलेले सुनंद त्र्यंबक जोशी (तिकडे एस. टी. जोशी) यांनी स्वतःला मिळालेले हे पुरस्कार निषेध म्हणून परत केले. लेखकाला याचा अभिमान आहे. 'गोऱ्यांच्या अपराधगंडापुढे एक मराठी माणूस झुकला नाही,' असं त्यांनी लिहिलंय, आणि खाली 'क्या बात है'ची रांग.

त्या लेखात ज्या बाईंचा उल्लेखच नाही, त्यांच्याबद्दल मला सांगायचंय. ननेडी ओकोराफोर. आईवडील नायजेरियाचे, स्वतः अमेरिकेत वाढलेल्या. २०११ साली त्यांच्या कादंबरीला हा पुरस्कार मिळाला. पुतळा घरी आला. नंतर एका मित्राने त्यांना लव्हक्राफ्टची १९१२ मधली एक कविता दाखवली. देवाने माणूस घडवला, पशू घडवले, मधली जागा भरायला अर्धवट माणसासारखा एक पशू केला आणि तो म्हणजे काळा माणूस, असा तिचा आशय. शीर्षक मी इथे लिहिणार नाही.

आता तो पुतळा त्यांनी कुठे ठेवायचा? आपल्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सन्मान म्हणजे आपल्याला पशू म्हणणाऱ्याचा चेहरा! त्यांनी हे उघडपणे लिहिलं. २०१४ मध्ये सोफिया समतर यांनी तोच पुरस्कार घेताना मंचावरून हा अवघडलेपणा बोलून दाखवला. त्याच वर्षी डॅनियल होजे ओल्डर यांनी लव्हक्राफ्टऐवजी कृष्णवर्णीय लेखिका ऑक्टेव्हिया बटलरचा पुतळा करा, अशी मागणी केली. लव्हक्राफ्टची पुस्तकं दुकानातून काढा असं यातलं कोणी म्हणत नव्हतं. ती आजही कुठेही मिळतात. ज्याला पुरस्कार देताय त्याच्या हातात काय देताय ते बघा, एवढंच म्हणणं होतं. यात झुकण्या-न झुकण्याचा प्रश्न कुठे आला?

जुना वाचक

रेवतीताई, तळमळ कळली. पण जोशींवर अन्याय करताय.

१९७८ साली अप्पा बळवंत चौकात एका रद्दीवाल्याकडे मला लव्हक्राफ्टचा एक फाटका संग्रह मिळाला. कॉलेजात होतो. रात्रभर वाचला, आणि मोरीत जायची हिंमत झाली नाही. या अफाट विश्वाला माणसाची काडीची पर्वा नाही, ही जाणीव इतक्या थंडपणे देणारा लेखक मला दुसरा भेटला नाही. पुतळा त्यासाठी होता, त्याच्या सामाजिक मतांसाठी नव्हता.

आणि जोशींनी काही लपवलं असं वाटतंय का तुम्हाला? त्यांच्या १९९६ च्या चरित्रात लव्हक्राफ्टचा वंशद्वेष सरळ मांडलाय, त्याची गय केलेली नाही. त्याची पत्रं, हस्तलिखितं, जुन्या छापील आवृत्त्या ताडून शुद्ध संहिता त्यांनी तयार केल्या. आयुष्य घातलं. अशा माणसाचं म्हणणं असं आहे की एका दोषावरून सगळा लेखक मोजू नका. ते ऐकून घ्यायचं की नाही?

उद्या मग कोण? २०१९ मध्ये नवोदित लेखकांच्या पुरस्कारावरून विज्ञानकथा मासिकाचा संपादक जॉन डब्ल्यू. कँपबेलचं नावही गेलंच. जेनेट इंग यांनी डब्लिनच्या वर्ल्डकॉन या विज्ञानकथा संमेलनात पुरस्कार घेताना त्याला फॅसिस्ट म्हटलं आणि महिन्याभराच्या आत पुरस्काराचं नाव बदललं. ज्याने असिमोव्ह, हाइनलाइन घडवले तो माणूस! असं एकेक नाव खरवडत गेलात तर भिंतीवर उरेल काय?

रेवती_ओहायो

काका, कँपबेलचं उदाहरण तुम्हीच काढलंत ते बरं झालं.

सॅम्युएल डिलेनी या कृष्णवर्णीय लेखकाने आपली 'नोव्हा' ही कादंबरी कँपबेलच्या 'अ‍ॅनालॉग'मध्ये क्रमशः छापण्यासाठी पाठवली. डिलेनीने स्वतः लिहून ठेवलंय की नकार आला तो लेखन वाईट म्हणून नाही. नायक काळा आहे, आमच्या वाचकाला तो आपला वाटणार नाही, म्हणून. कादंबरी १९६८ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि आज ती अभिजात मानली जाते. कँपबेल १९३७ पासून १९७१ पर्यंत त्या मासिकाच्या खुर्चीत होता. चौतीस वर्षं! डिलेनीला निदान कारण कळलं. इतर किती जणांची बाडं कारण न कळता परत गेली असतील? 'त्याने असिमोव्ह घडवले' हे खरंच आहे. कोणाला घडू दिलं नाही, तेही त्याच हिशोबात धरा.

कृष्णविवर

मला हा सगळा वाद निरर्थक वाटतो, कारण यावर साधा उपाय आहे. नाव झाका. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. नावाचं वजन पडू नये म्हणून. पहिला नंबर आला! कथा चांगली असली की झालं. लेखक काळा की गोरा, पुण्याचा की प्रॉव्हिडन्सचा, परीक्षकाला कळूच देऊ नका.

आर्द्रा

कृष्णविवर, वरचा प्रतिसाद वाचलात का? 'नोव्हा'ला नकार आला तो *नायकाच्या* रंगामुळे. लेखकाचं नाव झाकून काय होणार होतं? नायकाला पण बुरखा घालायचा?

आणि नारळीकरांनी झाकलं ते *मोठं* नाव. ते त्यांचं मोठेपण, त्याबद्दल आदरच आहे. पण फायदा नको म्हणून नाव झाकणं वेगळं आणि दारातूनच परत पाठवतील म्हणून झाकणं वेगळं.

साताऱ्याचा

इतकी वर्षं नुसता वाचतोय. आज लिहितो, कारण ते 'वाचकाला आपला वाटणार नाही' मी स्वतः ऐकलंय. मराठीत.

२००३ साली एका दिवाळी अंकाला विज्ञानकथा पाठवली होती. मंगळावरच्या तळावर पाणी शुद्ध करायची यंत्रणा बिघडते, एक अभियंता ती दुरुस्त करतो, अशी. अभियंत्याचं आडनाव कांबळे. संपादकांचा फोन आला, बोलले अगदी गोड. कथा आवडली, घेतोय, फक्त आडनाव बदला. मी म्हटलं, का? म्हणाले, "वाचकाला वाटतं पुढे त्याच्या जातीबद्दल काही येणार. ते येत नाही, मग वाचक गोंधळतो."

मी करंदीकर केलं. कथा छापून आली, मानधनही मिळालं. कांबळे हे माझ्या मामांचं आडनाव. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. सातव्या वर्षी मला रेडिओ उघडून आत काय असतं ते त्यांनीच दाखवलं होतं. अंक त्यांना दाखवायला गेलोच नाही.

जुना वाचक

झालं! आली जात! मराठीत कुठलीही चर्चा घ्या, दहाव्या प्रतिसादापर्यंत ती इथेच येऊन आदळते. विषय काय, अमेरिकेतला वंशवाद. एका संपादकाच्या एका फोनवरून अख्ख्या मराठी विज्ञानकथेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणार का? नारळीकर, लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर. या लोकांनी विज्ञान मराठी घराघरांत नेलं. त्यांनी कोणाला अडवलं?

साताऱ्याचा

मी त्यांच्यापैकी एकाचंही नाव घेतलेलं नाही. तुम्ही घेतलंत. मी एक फोन सांगितला आणि तुम्ही मला फिर्यादी करून टाकलंत. या पाचांच्या कथा मी तुमच्याइतक्याच प्रेमाने वाचल्यात, काही तर पाठ आहेत. प्रेम आहे म्हणूनच तो फोन वीस वर्षं सलतोय.

आर्द्रा

साताऱ्याचा यांना शंभर टक्के अनुमोदन. काका, तुम्ही 'विषय अमेरिकेतला' म्हणताय, पण मूळ लेखात 'मराठी माणसाचा अभिमान' कोणी आणला होता? अभिमानाच्या वेळी पुणे आपलं आणि हिशोबाच्या वेळी प्रॉव्हिडन्स त्यांचं, असं कसं चालेल?

विक्रांत_के

आर्द्रा, भाषणं पुरे. एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये. आता उलटं झालंय. पुरस्कार रंग बघूनच मिळतात. एन. के. जेमिसिन या कृष्णवर्णीय लेखिकेला २०१६, २०१७, २०१८ असे सलग तीन ह्यूगो, विज्ञानकथेचे मोठे पुरस्कार! असिमोव्हला नाही, क्लार्कला नाही, कोणालाच सलग तीन वर्षं कादंबरीचा ह्यूगो मिळाला नव्हता. हा योगायोग मानायचा? आम्ही इथे शिक्षणात हेच भोगलंय, त्यामुळे वास लगेच येतो. माझ्या प्रवेशाच्या वेळी...

रेवती_ओहायो

विक्रांत, तुमच्या प्रवेशाची गोष्ट वेगळ्या धाग्यात लिहा, तिथे येऊन वाचेन. इथे ह्यूगोबद्दल बोलू.

ह्यूगो बंद खोलीतली समिती देत नाही. वर्ल्डकॉनचं सभासदत्व घेतलेले वाचक मतं देतात. उलट, हे पुरस्कार ताब्यात घ्यायचा संघटित प्रयत्न तुमचंच म्हणणं मांडणाऱ्यांनी केला. २०१५ मध्ये 'पपीज' गटांनी ठरवून मतदान करून नामांकनं भरून टाकली. सभासदांनी पाच विभागांत 'कोणालाच नको' हा पर्याय निवडला आणि ते पाच पुरस्कार दिलेच गेले नाहीत. त्याच वर्षी कादंबरीचा ह्यूगो चीनच्या लिऊ त्सशिन यांना मिळाला, अनुवादासाठी. आणि जेमिसिन यांच्याबद्दल बोलायचं तर, एका लेखकाने त्यांना जाहीरपणे 'अर्धरानटी' म्हटलं होतं. अमेरिकी विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याला काढून टाकलं. पण त्याआधी त्याच वर्षी तो संघटनेच्या अध्यक्षपदाला उभा होता आणि सुमारे दहा टक्के मतं त्याला पडली होती. वाचक नव्हेत, लेखकच, सहव्यवसायी. त्यातला एखादा उद्या तुमच्या शेजारी पॅनेलवर बसलेला असू शकतो.

'रंगामुळे मिळाला' हे वाक्यही नवं नाही. १९६८ च्या नेब्युला या विज्ञानकथा पुरस्कारांच्या समारंभात डिलेनीला एकाच रात्री दोन पुरस्कार मिळाले. वय पंचवीस. तेव्हा असिमोव्ह त्याच्या कानाशी येऊन म्हणाले, तू निग्रो आहेस म्हणूनच आम्ही तुला मतं दिली. दोस्तीतली थट्टा होती, मनात वाईट नव्हतं, हे डिलेनीच सांगतो. पण त्या रात्रीपासून आपला रंग त्या खोलीत कोणीच विसरणार नाही, हेही तो सांगतो.

पॅनेलचं निघालंय तर माझंही सांगते. मी खगोलभौतिकीत पीएच. डी. केली. एका विज्ञानकथा संमेलनात न्यूट्रॉन ताऱ्यांवरच्या चर्चेसाठी नाव दिलं होतं. छापील कार्यक्रमात माझं नाव होतं 'भारतीय पुराणकथा आणि कल्पनारम्य' या चर्चेत. ताऱ्यांच्या चर्चेत तीन कादंबरीकार होते, तिघेही गोरे, आणि त्यातल्या एकालाही पल्सार म्हणजे काय ते नीट सांगता आलं नाही. मी मागच्या रांगेत बसून ऐकलं. संयोजकांना विचारलं तर म्हणाले, आम्हाला वाटलं तुम्हाला हे जास्त आवडेल.

न्यूजर्सीचा बाबा

माझी नऊ वर्षांची मुलगी 'स्टार ट्रेक' मालिकेतली उहुरा झाली होती. लाल पोशाख, कानात ते यंत्र, सगळं बायकोने शिवलं-चिकटवलं. संमेलनात एक जण हसत म्हणाला, "याची भारतीय आवृत्ती निघाली वाटतं." तिला कळलं नाही, मला कळलं. गप्प बसलो.

पुढच्या महिन्यात आमच्या गणपतीत वेशभूषा स्पर्धा होती, तोच पोशाख घालून गेली. तिथे आपल्याच एक काकू म्हणाल्या, "अगं, आधीच सावळी आहेस, त्यात काळ्या बाईचं सोंग कशाला? परी हो." हे तिला कळलं. पोशाख कपाटात आहे, त्याला ती हात लावत नाही.

पहिल्या माणसाचा राग आठवड्यात गेला. काकूंचा अजून आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी उहुराचं काम करणाऱ्या निशेल निकोल्सना भेटून सांगितलं होतं, मालिका सोडू नका, ही भूमिका महत्त्वाची आहे. ही गोष्ट मी त्या दिवशी पोरीला मंडपाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून सांगितली. तिने ऐकून घेतली. बोलली काहीच नाही.

कृष्णविवर

नाव झाकायचा माझा मुद्दा अपुरा होता. मान्य. स्पर्धेपुरता तो अजून बरोबर वाटतो.

विक्रांत_के

सगळ्यांनी मिळून एकाला घेरायचं असेल तर चालू द्या. जेमिसिन यांची पुस्तकं मी वाचलेली नाहीत हे कबूल करतो, पण मत बदललेलं नाही.

आर्द्रा

वाचलेली नाहीत!! आणि तीन पुरस्कार कशामुळे मिळाले ते मात्र माहीत!

जुना वाचक

दोन दिवस उत्तर दिलं नाही. रागात होतो, लिहिलं असतं तर वाईट लिहिलं असतं.

जोशींबद्दलचं माझं मत कायम आहे. पुरस्कार परत करणं हा त्यांचा हक्क, आणि त्यांचं काम लव्हक्राफ्टवरच्या कुठल्याही पुतळ्यापेक्षा जास्त टिकेल. 'हिशोबाच्या वेळी प्रॉव्हिडन्स' हे वाक्य मला लागलं, अजून पटलेलं नाही.

पण रेवती, तुम्ही विचारलं होतं की ओकोराफोर यांनी तो पुतळा कुठे ठेवायचा. मी उत्तर शोधत होतो आणि मला एकही जागा सापडली नाही. २०१७ पासून झाडामागे पूर्ण चंद्र अशी ट्रॉफी देतात. बघितली. असू दे.

साताऱ्याचा, तुमच्यावर उगाच घसरलो. कथा मूळ आडनावासकट इथे टाका.

साताऱ्याचा

हस्तलिखित गावी ट्रंकेत आहे. मामा पाच वर्षांपूर्वी गेले. यात्रेला जाईन तेव्हा काढतो आणि टाइप करून टाकतो. पाणी शुद्ध करायच्या यंत्रणेत तेव्हा एक चूक राहिली होती, ती आता दुरुस्त करू का तशीच ठेवू, ते रेवतीताईंनी सांगावं.

रेवती_ओहायो

चूक काय आहे ते आधी व्यक्तिगत निरोपात कळवा. कांबळ्यांना दुरुस्त करता येईल अशी असेल तर कथेतच राहू दे.