पोस्टाची तिकिटं, फर्स्ट डे कव्हरं आणि आपली दमट हवा

माळा झाडताना बाबांचा तिकिटांचा अल्बम हाताला लागला. माहेर दापोलीकडचं, त्यामुळे पहिल्याच पानावर महर्षी कर्वे! १८ एप्रिल १९५८ला अण्णा कर्व्यांना शंभर वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी हे तिकीट निघालं, हयात असताना तिकिटावर आलेले पहिले भारतीय तेच. आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी हे ऐकावंच लागायचं 😀 तुमच्याकडे कोण जमवायचं? लिहा.

दर्यावर्दी : काका बोटीवर, त्यामुळे आमच्याकडे सगळा परदेशी माल. मग्यार पोस्टा म्हणजे हंगेरी, हेल्वेशिया म्हणजे स्वित्झर्लंड हे भूगोलाच्या सरांच्या आधी आम्हाला माहीत. इंग्लंडच्या तिकिटावर देशाचं नावच नसतं, तेव्हा नुसतं राणीचं डोकं असायचं, म्हणून वर्गात त्याला कोणी बदली तिकीट देईना.

सुरंगी : अगं आधी बघ चिकटलीत का, पावसात न वापरलेल्या तिकिटांचा गोंद ओला होऊन सगळा गठ्ठा एक होतो. ओढू नको हां. मध्ये बटर पेपर घाल. शिक्का मारलेली असतील तर कोमट पाण्यात सोडायची, आपोआप सुटतात, मग पेपरवर उपडी वाळवून जाड पुस्तकाखाली, नाहीतर पापडासारखी वळतात. फर्स्ट डे कव्हरं, म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का मारलेली पाकिटं, ती मात्र भिजवू नको, तिकीट शिक्का पाकीट सगळं एकत्र असेल तरच त्याला किंमत. कुकर झाला, येते

मालवणी झील : आमच्या वाडीत पोस्टमन इलो म्हणजे मुंबयची मनीऑर्डर, तिकीट कोण बघता! आज्येक वाचूक येय नाय पण पाकीट फाडूक देय नाय.

कोकणकन्या : @मालवणी झील 😂 आमची आजी पण सेम. १९९८चं कोकण रेल्वेचं आणि १९९९चं कान्होजी आंग्रे, दोन्ही आहेत माझ्याकडे. गावच्या पोस्टात नवीन तिकिटं कुठली यायला, मुंबईच्या जीपीओत (मुख्य पोस्टात) फिलाटेलीचं, म्हणजे तिकिटं जमवणाऱ्यांसाठीचं, खातं काढलं होतं, २०० रुपये भरून ठेवले की नवं तिकीट निघालं की घरपोच. रेल्वेवरून आठवलं, दिवा गाडी आज किती लेट आहे कोणाला माहितीये का?

दर्यावर्दी : वेळेवर कधी होती?

नारळीपाक : २००६ला चंदनाच्या वासाचं तिकीट निघालं होतं १५ रुपयांचं, आठवतंय? आमच्या मातोश्रींनी ते नीट जपून फडताळात ठेवलं, सुकटीच्या डब्याशेजारी. आता वास कसला येतो विचारू नका.

सुरंगी : मेले हसून 🤣 सुकट कुठली घेता पण? आमच्याकडची यंदा नुसती खारट निघाली

नारळीपाक : हर्णैची. भाऊ येतोय रविवारी, पाठवू का?